काचेवरचा साक्षीदार

गेल्या उसाच्या हंगामात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक चित्रफीत आली. रात्रीचा चारपदरी महामार्ग, पुढे रिकामा डांबरी पट्टा, गाडीत मंद आवाजात चाललेले गाणे, आणि मग दिव्यांच्या झोतात एकाएकी उभी राहिलेली उसाच्या मोळ्यांची भिंत. चालकाने शेवटच्या क्षणी गाडी उजवीकडे काढली, ट्रॉलीचा कोपरा आरशाला चाटून गेला, आणि आतले सगळे वाचले. त्याखाली दोन दिवस चर्चा रंगली. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, कारखानदार मोकाट सुटले आहेत, आरटीओवाले झोपले आहेत, डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेवर बसवलेला चित्रण करणारा कॅमेरा, होता म्हणून निदान पुरावा तरी हाती आहे, असा एकूण सूर होता. गाडी त्या वेळी किती वेगात होती, हा प्रश्न मात्र कोणीही विचारला नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच ग्रुपवर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील कॅमेऱ्यांनी धाडलेल्या ई-चलनांचा विषय निघाला आणि तीच मंडळी ‘ही सरकारी खंडणी आहे’ यावर एकमताला आली. या दोन चर्चा वेगळ्या असल्यासारख्या चालल्या होत्या. माझ्या मते ती एकच चर्चा आहे, आणि वर्तमानपत्रांपासून चहाच्या टपरीपर्यंत ती सारखीच चुकीच्या टोकाने चालली आहे.

चूक अशी की दोन्ही बाजू वेगाकडे स्वभावाचा प्रश्न म्हणून पाहतात. चलन फाडणाऱ्यांच्या लेखी वेगाने जाणारा उनाड असतो. चलन भरणाऱ्यांच्या लेखी तो स्वतः कसलेला चालक असतो आणि उनाड दुसरेच असतात. मला वाटते, वेगमर्यादेचा चालकाच्या चारित्र्याशी संबंध फार थोडा आहे. ती वजनाचे, अंतराचे आणि दिव्याच्या झोतात किती दिसते याचे गणित मांडते. हे गणित चांगल्या माणसाला सवलत देत नाही. आणि डॅशकॅम हे अत्यंत उपयोगी यंत्र आपण अशा खुबीने वापरतो आहोत की आपल्या वाटणीचे गणित आपल्याला दिसूच नये.

हे गणित उघड्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर मोटारीच्या मागे काहीतरी जोडून पाहावे. आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटले की बसच्या किंवा टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी डोळ्यांपुढे येते. राज्य सरकारच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात ओढून नेण्याच्या प्रकारांचाही उल्लेख आहे, पण रस्त्यावर त्या क्वचितच दिसतात. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन म्हणजे साध्या मोटारीच्या हुकाला जोडून ओढायचे, इंजिन नसलेले घर. लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने एका उन्हाळ्यात असे घर भाड्याने घेऊन आम्हाला वेल्सला नेले. एरवी हा गृहस्थ पुण्यात आला की सिंहगड रस्त्यावर रिक्षावाल्यांना मागे टाकण्यात धन्यता मानतो. त्या दिवशी निघण्यापूर्वी त्याने पाऊण तास सामान लावण्यात घालवला, आणि वाटेत मागे सात-आठ गाड्या साचल्या की तो रस्त्याकडेच्या थांब्यात शिरून त्यांना पुढे जाऊ द्यायचा. मी त्याला चिडवले, तेव्हा तो म्हणाला, “दादा, इथे मी चालवत नाही, मागचं घर मला चालवतंय.”

तो अतिशयोक्ती करत नव्हता. ओढल्या जाणाऱ्या वाहनाचे सारे वजन त्याच्या एक्सलवर आणि हुकावर वाटलेले असते. हुकावर एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार यावा, जड सामान खाली आणि एक्सलच्या आसपास असावे, आणि नवशिक्याने भरलेली कॅराव्हॅन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये, असे तिथले जाणकार सांगतात. भार मागे गेला की हुकावरचा दाब कमी होतो आणि मागचे घर शेपटासारखे डावी-उजवीकडे हलू लागते. कमी वेगात ही हेलकावणी आपोआप विरते. वेग वाढत जातो तशी ती विरण्याची शक्ती घटत जाते, आणि प्रत्येक जोडीसाठी एक वेग असा असतो की त्यापुढे वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेल्या ट्रकचा धक्काही पुरेसा होतो आणि हेलकावे लहान होण्याऐवजी मोठे होत जातात. अशा वेळी करकचून ब्रेक दाबणे हा सर्वांत वाईट उपाय असतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, चाक सरळ धरायचे, आणि वेग आपोआप उतरेपर्यंत थांबायचे. ज्या माणसाला आयुष्यभर आपल्या हाताच्या कसबावर भरवसा होता, त्याला काहीच न करण्याचे कसब शिकावे लागते. हल्लीच्या कॅराव्हॅनना हेलकावे ओळखून स्वतःच ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवता येते हे खरे. पण तिच्या भरवशावर चुकीचे सामान भरणारा माणूस छत्री आहे म्हणून पुरात उतरणाऱ्यासारखा आहे.

म्हणूनच ब्रिटनमध्ये मोटारमार्गावर मोटारीला ताशी ७० मैलांची मुभा असताना तीच मोटार कॅराव्हॅन ओढत असेल तर ६० मैल, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६० च्या जागी ५० मैल अशी मर्यादा आहे. तीन किंवा अधिक मार्गिका असतील तर तिला सर्वांत उजव्या मार्गिकेत जाता येत नाही. कॅराव्हॅन मोटारीपेक्षा रुंद असेल तर आरशांना जोड लावावीच लागते, आणि ती चालू असताना आत कोणी बसू शकत नाही. यातला एक तरी नियम चालक किती वर्षे गाडी चालवतो आहे हे विचारतो का? डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने ट्रेलर ओढण्याची वेगळी परीक्षा रद्द केली, म्हणजे कौशल्याची अट सैल केली. वेगाची अट मात्र जागची हलली नाही. मला यात मोठा अर्थ दिसतो. परीक्षा असावी की नसावी यावर वाद होऊ शकतो. वस्तुमानावर तो होऊ शकत नाही.

आता आपल्या रस्त्यावर या. आपल्याकडे ओढण्याचा कारभार कॅराव्हॅनवाल्यांनी नव्हे, उसाने केलेला आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटले की सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यातल्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात. मोळ्या ट्रॉलीच्या फळ्यांच्या कितीतरी वर रचलेल्या आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या असतात. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे सगळा भार थांबवायचा तो पुढच्या ट्रॅक्टरने. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलू पाहतात, उतारावर मागचा ऊस ट्रॅक्टरला ढकलू पाहतो, आणि पिन सुटली तर मागची ट्रॉली आपल्या मनाने चालती होते. टायर फुटला की ट्रॉली आहे तिथेच उभी राहते, तिच्या मागे दगडांची ओळ मांडली जाते, आणि टायर बदलून ट्रॉली निघून गेली तरी दगड रात्रभर तसेच राहतात. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर चिकटवण्याची मोहीम निघते, फोटो येतात, आणि दोन खेपांतच धुळीने व पाचटाने ते रिफ्लेक्टर झाकून जातात. ट्रॉलीवाल्यांच्या बाजूने मी इथे बोलत नाही. विनादिव्याची ट्रॉली रात्री महामार्गावर आणणे हा गुन्हा आहे, तो रोज घडतो, आणि खेपेवर पैसे मोजणारी व्यवस्था त्याला कारणीभूत आहे. डेकचा आवाज वाढवून झोप घालवणारा ट्रॅक्टरचालक त्या व्यवस्थेचा शेवटचा आणि सर्वांत स्वस्त दुवा आहे.

तरीही त्या चित्रफितीतला प्रश्न शिल्लक राहतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच ४० मीटरहून अधिक अंतर संपते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनी थांबायला त्यापुढे आणखी सुमारे ५५ मीटर लागतात. डिपरवर असलेला दिवा न चमकणारी वस्तू साधारण पन्नास-साठ मीटरवर दाखवतो. याचा अर्थ, समोरून येणाऱ्यांसाठी दिवा खाली ठेवून रात्री १०० ने जाणारा प्रत्येक चालक आपल्याला दिसत नसलेल्या रस्त्यावर गाडी चालवत असतो. त्या अंधारात ट्रॉलीच असेल असे नाही. ते दगड असू शकतात, वाट चुकलेली म्हैस असू शकते, रस्ता ओलांडणारी ऊसतोड मजूर बाई असू शकते. रिफ्लेक्टरचा कायदा यांतल्या कोणाकोणाला लागू करणार आहोत आपण?

यावर जो सर्वांत भक्कम प्रतिवाद केला जातो त्याकडे मी वळतो, कारण तो तोंडदेखला नाही. अभ्यासू मोटारचालक म्हणतात की अपघात वेगाने होत नाहीत, वेगांतल्या तफावतीने होतात. सगळेच १०० ने गेले तर काही होत नाही, वीसने चाललेला ट्रॅक्टर मध्ये आला की होते. याला आधारही आहे. १९६४ साली अमेरिकेच्या रस्ते विभागातील डेव्हिड सॉलोमन यांनी ग्रामीण महामार्गांवरील अपघातांचा अभ्यास मांडला, त्यात सरासरी वेगाच्या आसपास चालणाऱ्यांचा अपघातांतील सहभाग सर्वांत कमी आणि फार हळू किंवा फार जलद चालणाऱ्यांचा जास्त आढळला. तो आलेख तेव्हापासून वेगाच्या प्रत्येक वकिलाच्या खिशात असतो. पण त्याच अभ्यासात वेगाबरोबर इजेची तीव्रता वाढत जाते हेही नोंदवले होते, आणि हळू चालणाऱ्यांच्या रकान्यात वळण घेण्यासाठी मंदावलेल्या गाड्याही मिसळल्या होत्या अशी टीका पुढे झाली. हे बाजूला ठेवू आणि तफावतीचा मुद्दा पूर्ण मान्य करू. तरीही, तफावत कमी कोणी करायची? उसाने भरलेला ट्रॅक्टर साठने धावू शकत नाही. धावला तर ते अधिक भयंकर ठरेल. कॅराव्हॅन ओढणारा माझा मावसभाऊ सत्तर मैलांनी जाऊ लागला तर मागचे घर त्याला आडवा करील. दोघांपैकी ज्याच्या हाती वेग कमी करण्याचे स्वातंत्र्य आहे तो एकच आहे, आणि तो आपल्या वातानुकूलित डब्यात बसून तफावतीवर व्याख्यान देतो आहे. ‘हळू चालणारे मारतात’ हा सिद्धान्त बैलगाडीच्या आणि सायकलच्या देशात नेला की त्याचा अर्थ ‘गरीब रस्त्यावर का येतात’ एवढाच उरतो.

दुसरा प्रतिवाद कॅमेऱ्यांविषयीचा आहे आणि त्यातला बराच भाग मला मान्य आहे. मर्यादेची पाटी एका पुलाआधी ८०, पुलावर ४० आणि पुढे शंभर पावलांवर काहीच नाही, अशी अवस्था आपल्या अनेक रस्त्यांवर आहे. मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या नियम १६७-अ ने यंत्राला प्रमाणपत्र, कॅमेऱ्याआधी सूचनाफलक आणि पंधरा दिवसांत नोटीस अशा अटी घातल्या. त्या पाळल्या जात नसतील तर चलनाला आव्हान दिलेच पाहिजे. माझ्याच नावावर एक चलन असे आले की त्यातल्या फोटोतली गाडी माझी नव्हतीच, एका आकड्याचा फरक होता, आणि ते रद्द करून घेण्यात तीन महिने गेले. घाटातल्या जड वाहनांच्या मर्यादेवरून वाहतूकदारांनी केलेल्या तक्रारीतही तथ्य आहे, कारण उतारावर गिअरमध्ये धरलेला भरलेला ट्रक एका ठरावीक आकड्यावर खिळवून ठेवणे वाटते तितके सोपे नाही. इतके सगळे मान्य करूनही, चुकीच्या ठिकाणी लावलेल्या वजनकाट्यावरून वजन नावाची गोष्टच खोटी आहे, असे कोणी म्हणत नाही. वेगाच्या बाबतीत आपण नेमके तेच म्हणतो.

हा वाद आपण शोधून काढलेला नाही, हे तरी निदान आपल्याला माहीत असावे. ब्रिटनमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनापुढे माणसाने चालत जायचे होते आणि गावात ताशी दोन मैलांपुढे जाता येत नव्हते. तो कायदा मूर्खपणाचा होता आणि १८९६ साली तो सैल झाला, हे योग्यच झाले. १९०३ साली मर्यादा ताशी २० मैल झाली आणि पोलीस झुडपांआड घड्याळ घेऊन बसू लागले. तेव्हा १९०५ साली मोटारवाल्यांनी एक संघटना काढली, तिचे नाव ऑटोमोबाइल असोसिएशन. आज ती रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करणारी कंपनी म्हणून ओळखली जाते, पण तिचा जन्म सायकलस्वार पाठवून सभासदांना ‘पुढे सापळा आहे’ हे कळवण्यासाठी झाला होता. १९१० साली न्यायालयाने असा इशारा देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे ठरू शकते असे म्हटल्यावर संघटनेने तोड काढली: तिचे शिपाई सभासदाच्या गाडीला सलाम ठोकत, आणि ज्या दिवशी सलाम मिळाला नाही त्या दिवशी सभासदाने समजून जायचे. कायदा सलाम न केल्याबद्दल कोणाला धरणार? आपण समोरच्याला डिपर मारून ‘पुढे मामा उभे आहेत’ हे सांगतो किंवा नकाशाच्या ॲपवर कॅमेऱ्याची खूण टाकतो, तेव्हा या शंभर वर्षांच्या परंपरेचेच वारकरी असतो.

त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. कोणी पाळतच नाही, मग मर्यादा हवी कशाला, हा युक्तिवाद १९३० साली जिंकला आणि ब्रिटनने मोटारींची २० मैलांची मर्यादा रद्दच केली. १९३४ साली तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. तेव्हा सगळी मिळून वाहने सुमारे २४ लाख होती. त्याच वर्षी वस्तीच्या भागात ३० मैलांची मर्यादा आणणारे विधेयक संसदेत आले, तेव्हा मूर-ब्रॅबेझन नावाच्या सदस्यांनी सभागृहाला कोंबड्यांची आठवण करून दिली. पूर्वी आम्ही फिरून आलो की रेडिएटर पिसांनी भरलेला असे, आता कुत्रीसुद्धा बाजूला व्हायला शिकली आहेत, तेव्हा माणसेही शिकतील आणि हे आपोआप मार्गी लागेल, असा त्यांचा मथितार्थ होता. हे गृहस्थ मूर्ख नव्हते. ब्रिटनमधला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांच्या नावावर होता, आणि १९४० साली तेच वाहतूकमंत्री झाले. म्हणजे ज्यांना आपण ‘गाडी कळणारी माणसे’ म्हणतो, त्यांतले ते अग्रणी होते. अडचण तिथेच आहे. यंत्रावर प्रेम करणाऱ्याला यंत्रापुढे येणारी प्रत्येक गोष्ट अशिक्षित वाटू लागते. मर्यादा १९३५ पासून परत आली. आज तिथे चार कोटींहून अधिक वाहने असताना वर्षाकाठी सोळाशे-सतराशे मृत्यू होतात. हे श्रेय एकट्या वेगमर्यादेचे आहे असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सीटबेल्ट, दारूची तपासणी, चांगले रस्ते, तत्पर रुग्णसेवा यांचा वाटा मोठा आहे. पण यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट येताना ‘चांगल्या चालकाच्या स्वातंत्र्यावर घाला’ म्हणूनच हिणवली गेली होती. भारतात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली, आणि सरकारी नोंदींनुसार त्यांतले दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात पडतात. हा रकाना भरणारा पोलीस घाईत असतो आणि सोपे कारण लिहितो, ही शंका मलाही आहे. ती निम्मी खरी मानली तरी उरणारा आकडा एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा आहे.

आणि एवढ्या वेगाने मिळवायचे तरी काय असते? द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे. सगळा रस्ता सपाट आणि मोकळा आहे असे धरले, घाट नाहीच असे मानले, तरी १०० ऐवजी १२० ने गेल्यास साडेनऊ मिनिटे वाचतात, आणि ती वाकड किंवा वाशीच्या पहिल्या सिग्नलवर परत द्यावी लागतात. त्या बदल्यात गाडीच्या अंगातली ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. असा सौदा आपल्या घरचा वाणीसुद्धा करणार नाही.

आता डॅशकॅमकडे येतो. तो असावा, असेच माझे मत आहे. आपल्याकडे अपघातानंतर गर्दी जमली की मोठ्या गाडीचा दोष आधी ठरतो आणि घटना मागून ऐकली जाते. अशा ठिकाणी काचेवरचा तटस्थ साक्षीदार हा निरपराध माणसाचा आधार आहे. धडक देऊन पळणाऱ्याचा नंबर त्यामुळे मिळतो, मुद्दाम गाडीपुढे येऊन पैसे मागणाऱ्यांना चाप बसतो. ब्रिटनमध्ये नॉर्थ वेल्सच्या पोलिसांनी सुरू केलेल्या ‘ऑपरेशन स्नॅप’मधून नागरिकांनी पाठवलेल्या चित्रणावर कारवाई होऊ लागली आणि ती पद्धत इतरत्र पसरली. तिकडे जर्मनीत सर्वोच्च दिवाणी न्यायालयाला २०१८ साली अशी कसरत करावी लागली की सतत चित्रण करत राहणे खासगीपणाच्या नियमात बसत नाही, तरी अपघाताच्या दाव्यात ते पुरावा म्हणून पाहता येईल. हे प्रश्न आपल्यापुढेही येतीलच.

पण हा साक्षीदार नक्की काय पाहतो, याचा विचार करा. तो पुढे तोंड करून बसलेला असतो, म्हणजे त्याच्या चौकटीत सगळे जग असते आणि मालक नसतो. त्याचे कार्ड भरले की जुने चित्रण पुसून नवे त्यावर चढते. जपून ठेवले जाते ते फक्त धक्का बसला तेव्हाचे. म्हणजे मी महिनाभर पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून चाललो, दिसत नसलेल्या अंधारात घुसलो, पिवळ्या सिग्नलवर वेग वाढवला, तर त्याची नोंद आठवडाभरात आपोआप नाहीशी होते, आणि दुसऱ्याने एकदा चूक केली की ती कायमची कुलूपबंद होते. चित्रगुप्ताची वही अशी असती तर आपण सगळेच वैकुंठाला गेलो असतो. जीपीएस असलेल्या बऱ्याच डॅशकॅममध्ये कोपऱ्यात वेगाचा आकडा उमटतो, आणि तो बंद करण्याची सोयही असते. ग्रुपवर फिरणाऱ्या चित्रफिती एकदा या नजरेने पाहाव्यात. तो कोपरा किती वेळा कोरा, कापलेला किंवा धूसर केलेला असतो हे मोजावे. पुरावा द्यायला निघालेला माणूस पुराव्यातला एकच आकडा का झाकतो?

इथे मला एक सामाजिक विसंगतीही खुपते. मालवाहू आणि प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना वेगनियंत्रक बसवावा लागतो आणि बहुतेकांचा वेग ८० वर अडतो. मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या ट्रकमध्ये कॅमेरा दोन तोंडांचा असतो. एक रस्ता पाहतो, दुसरा चालकाचे डोळे मिटताहेत का ते पाहतो, आणि दोन्हींचा हिशेब महिनाअखेरीस पगारातून होतो. जो पोटासाठी गाडी चालवतो त्याच्यावर आपण नियंत्रक बसवला, त्याच्या तोंडाकडे कॅमेरा वळवला, आणि त्याला ते अपमानास्पद वाटेल का असे विचारलेही नाही. जो हौसेसाठी किंवा सोयीसाठी चालवतो त्याच्यासाठी जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत फक्त एक पिपाणी आली, ८० ओलांडल्यावर अधूनमधून आणि १२० नंतर सतत वाजणारी. तीही वायर काढून बंद करून देणारे मेकॅनिक मिळतात. ‘मी जबाबदार चालक आहे’ हे वाक्य त्या मेकॅनिकच्या गाळ्यात उभ्या राहून किती जणांनी उच्चारले असेल!

वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा जन्म कोणाच्या हातून झाला, हे समजल्यावर मला हसू आवरले नाही. मौस गॅट्सोनिडीस हा डच रॅलीचालक. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपण नेमके किती वेगाने जातो आणि आणखी किती जाऊ शकू, हे अंदाजाने कळत नाही म्हणून त्याने स्वतःलाच मोजण्यासाठी यंत्र तयार केले. पुढे पोलिसांनी ते विकत घेतले, आणि जगभरच्या रस्त्यांवर त्याच्या कंपनीच्या नावाचे खांब उभे राहिले. ज्याला वेगाचे सर्वांत अधिक वेड होते, तो आपल्या अंदाजावर विसंबला नाही. आपण अजून विसंबतो.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी एक गोष्ट केली. जानेवारीत कोल्हापूरहून पुण्याला रात्री परतलो होतो, त्या प्रवासाचे चित्रण कार्डावर शिल्लक होते. वेगाचा आकडा कोपऱ्यात ठेवून मी ते सलग पाहिले. कराड सोडल्यानंतर, साताऱ्याच्या अलीकडे, दिवा डिपरवर आणि आकडा ९३. केंद्राने चारपदरी रस्त्याला दिलेल्या कमाल मर्यादेच्या आतच. बायको काहीतरी विचारते आहे, मी उत्तर देतो आहे, आवाज अगदी निवांत आहे. तेवढ्यात डाव्या मार्गिकेत, अर्ध्या सेकंदापुरती, उसाची काळी भिंत येते आणि निघून जाते. दोन ट्रॉल्या, दिवा नाही. चित्र थांबवून मागे घेतले तेव्हा मागच्या ट्रॉलीवर पाचटात पाय सोडून बसलेला माणूसही दिसला. त्या रात्री मी ब्रेकला पाय लावलेला नाही, बोलणे थांबवलेले नाही, आणि घरी आल्यावर कोणाला काही सांगितलेले नाही, कारण मला ती ट्रॉली दिसलीच नव्हती. धक्का न बसल्यामुळे कॅमेऱ्याने ती फाइल राखून ठेवली नव्हती. आणखी दोन-तीन दिवस गाडी चालवली असती तर ती पुसली गेली असती. मी ती उतरवून घेतली आहे. ग्रुपवर अजून टाकलेली नाही.